गुन्ह्यातील पीडितांची भरपाई, पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेची, एक खोली असते. बहुतेक ठिकाणी ती सापडायला दोनदा विचारावं लागतं. अशाच एका खोलीतल्या मदत टेबलावर मी विधी स्वयंसेवक म्हणून बसते. तिथे रोज कानावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही अर्जदारांचे आहेत, काही कॉलेजच्या मुलांचे आणि दोन-तीन तर खुद्द पोलीस हवालदारांचे. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. गोव्याचा उल्लेख एके ठिकाणी येईल, कारण त्या प्रकरणात गोव्याने आपल्या पुढे पाऊल टाकलं होतं.

आरोपीला शिक्षा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही ना?

मिळते. सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच आहे, म्हणून तो पहिला घेतला. "केस संपू दे, मग बघू," असं कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगतं आणि माणूस पाच-सात वर्षं वाट बघत बसतो.

फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम आलं आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. पीडितांसाठी निधी उभा करणारी योजना प्रत्येक राज्याने केली पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात हीच तरतूद कलम ३९६ म्हणून आहे. आरोपी दोषी ठरला तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. तो निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असेल तर शिफारस होऊ शकते. आणि आरोपी कोण हेच कळलं नाही, खटला उभाच राहिला नाही, तर पीडित स्वतः प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. अंधारात कुणी वार करून पळालं आणि पोलिसांना तो सापडला नाही, म्हणून तुमचा हात बरा झालेला नसतो. कायद्याने एवढं तरी ओळखलं आहे.

हे पैसे आरोपी देतो की सरकार?

दोन्ही वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. शिक्षा सुनावताना न्यायालय दंडातून किंवा दंडाशिवायही आरोपीला भरपाई द्यायला लावू शकतं. ही जुनी वाट, पूर्वीचं कलम ३५७ आणि आताचं ३९५. पण आरोपीकडे पैसे नसतील, तो अपिलात गेला असेल, तर हातात काहीच पडत नाही. दुसरी वाट राज्याच्या निधीची. इथे सरकार देतं, आणि नंतर आरोपीकडून वसूल करायचं की नाही ते सरकारचं सरकार बघतं.

गुन्हा रोखता आला नाही तर त्याची झळ राज्याने वाटून घ्यायची, हा विचार तसा नवा नाही. न्यूझीलंडने १९६३ मध्ये असा कायदा केला, अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६५ मध्ये योजना सुरू केली. अमेरिकेच्या संघ सरकारने १९८४ मध्ये जो निधी उभारला, तो मुख्यतः संघीय गुन्ह्यांत वसूल होणाऱ्या दंडातून भरतो आणि तिथून राज्यांना वाटला जातो. आपल्याकडे भिस्त आहे ती अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर. म्हणजे आपला निधी वित्त विभागाच्या सहीवर चालतो. याचा परिणाम पुढे येईलच.

महाराष्ट्रात नेमक्या किती योजना आहेत?

कलम ३५७-अ खाली राज्याने २०१४ मध्ये पीडित नुकसानभरपाई योजना अधिसूचित केली. ही सर्वसाधारण योजना. त्याच्याही आधी, २ ऑक्टोबर २०१३ पासून, महिला व बालविकास विभागाची मनोधैर्य योजना सुरू झाली होती. ती बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी. सुरुवातीला मनोधैर्यची रक्कम दोन-तीन लाखांच्या आत होती आणि निर्णय जिल्हा पातळीवरचं मंडळ घ्यायचं. त्याच सुमारास गोव्यात कमाल १० लाखांची योजना होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना एकसारखी योजना करायला सांगताना गोव्याचं उदाहरण समोर ठेवलं. २०१७ मध्ये मनोधैर्य सुधारली, कमाल रक्कम १० लाख झाली आणि काम विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं.

तिसरी चौकट राष्ट्रीय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे 'नालसा'ने, महिला पीडितांसाठी २०१८ ची योजना तयार केली. ती २ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर लागू आहे. तिने किमान रकमा ठरवून दिल्या. राज्याने त्याहून जास्त द्यायला हरकत नाही, कमी देता येत नाही.

चौथी चौकट अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची. ती सामाजिक न्याय विभागाकडे आहे, तिचा वेगळा प्रश्न खाली आहे.

आता हे मोजून बघा. पोलीस गृह विभागाचे. मनोधैर्य महिला व बालविकासची. ॲट्रॉसिटीचं अर्थसाहाय्य सामाजिक न्यायचं. प्राधिकरण न्यायव्यवस्थेच्या छत्राखाली. दवाखाना आरोग्य विभागाचा. पीडित बाई एकच, पण तिची फाईल पाच घरी फिरते. सरकारने या विषयात पैसे कमी ठेवले ही तक्रार आहेच. पण माझ्या अनुभवात पैशापेक्षा कागदच जास्त वेळा हरवतो.

किती रक्कम मिळते?

नालसाच्या २०१८ च्या योजनेप्रमाणे बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख, जीव गेला तर वारसांना ५ ते १० लाख. ॲसिड हल्ल्यात चेहरा विद्रूप झाला तर ७ ते ८ लाख. भाजण्याच्या इतर प्रकारांत शरीर किती टक्के भाजलं त्यावरून पायऱ्या आहेत. पीडित अल्पवयीन असेल तर रक्कम दीडपट धरायची.

'४ ते ७' मधल्या 'ते' या शब्दाकडे लक्ष द्या. खालची मर्यादा हक्काची, वरची प्राधिकरणाच्या विवेकाची. इजा किती गंभीर, उपचारावर खर्च किती झाला, शाळा किंवा नोकरी सुटली का, गर्भधारणा झाली का, घरची परिस्थिती काय, असे मुद्दे बघून आकडा ठरतो. म्हणून अर्जात "आम्ही गरीब आहोत" एवढं लिहून भागत नाही. मुलगी परीक्षेला बसली नाही, तर शाळेचा दाखला लावा. आईची धुण्याभांड्याची तीन घरं सुटली, तर ते अर्जात घर मोजून लिहा.

पुरुषांना मिळते का?

हो. नालसाची २०१८ ची योजना फक्त महिलांची आहे, पण कलम ३९६ मध्ये पीडित म्हणजे कोणीही. खून झालेल्या माणसाचे वारस, चाकूहल्ल्यात अधू झालेला रिक्षावाला, सगळे त्यात येतात. पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात तर मुलगा-मुलगी असा भेदच नाही. मुलाच्या बाबतीत आईवडील जास्त लपवतात आणि अर्जच येत नाही, हे दुर्दैव वेगळं.

अर्ज कुठे करायचा आणि सोबत काय न्यायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा न्यायालयातल्या त्या खोलीत. तालुक्याला असाल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे निर्णय होत नाही, पण वाट मिळते. १५१०० हा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. अर्जाला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही.

एफआयआरची प्रत, असेल तर वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र आणि बँक पासबुक, एवढ्यावर सुरुवात होते. वैद्यकीय कागद हातात नसतील तरी अर्ज द्या, प्राधिकरण ते पोलिसांकडून मागवू शकतं.

आणि पासबुक घरीच एकदा नीट बघा. माझ्यासमोर एक मावशी बसल्या होत्या. लाल किनारीच्या प्लॅस्टिक पिशवीत सगळे कागद, एफआयआरची झेरॉक्स घड्यांवर फाटलेली आणि मागून सेलोटेप लावलेली. मुलीची भरपाई मंजूर होती. आदेश चार ओळींचा, स्वच्छ. पण पैसे दोनदा परत गेले होते. आधारावर आडनाव माहेरचं, पासबुकावर सासरचं, आणि खातं जनधनचं, दोन वर्षं त्यात व्यवहार नाही म्हणून बँकेने बंद पाडलेलं. मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं की पैसे निघाले होते. त्या तोवर समजत होत्या की "साहेबांनी नाकारलं". बँकेत केवायसी करायला दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या खेपेला रक्कम जमा झाली. एवढ्यासाठी आठ महिने गेले होते. अर्ज देण्याआधी खात्यात शंभर रुपये भरून काढा, खातं जिवंत आहे का ते कळेल.

अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" यावर निघून येऊ नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज कुणी पाहिलेलाच नसतो.

पोलिसांनी स्वतःहून काही करायचं असतं का?

असतं, आणि साखळी इथेच तुटते. नालसाच्या योजनेप्रमाणे ठरावीक गुन्ह्यांत, म्हणजे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला, हुंडाबळी वगैरे, एफआयआर दाखल होताच तिची प्रत प्राधिकरणाकडे गेली पाहिजे. ती गेली तर प्राधिकरण स्वतःहूनही हालचाल करू शकतं. न गेली तर प्राधिकरणाला गुन्हा घडल्याचं वर्तमानपत्रातून कळतं.

मी एका तरुण हवालदाराला विचारलं होतं, प्रत पाठवली का? तो म्हणाला, "मॅडम, कोर्टात पाठवली, डीवायएसपी साहेबांना पाठवली, कंट्रोलला कळवलं. अजून कुणाला?" त्याचा दोष नव्हता. त्याच्या टेबलावरच्या यादीत प्राधिकरण नव्हतंच.

तुम्ही एवढं करा. एफआयआरची प्रत मोफत मिळणं हा फिर्यादीचा आणि पीडिताचा हक्क आहे, ती त्याच दिवशी मागा. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असेल तरी जवळच्या ठाण्याने तक्रार घेतली पाहिजे, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचं, असं नव्या संहितेत आहे. लैंगिक गुन्ह्यांच्या एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकत नाहीत, त्यामुळे "साइटवरून काढून घ्या" असं कुणी सांगितलं तर वाद घालत बसू नका, ठाण्यातूनच प्रत घ्या.

खासगी दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितलं तर?

बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पॉक्सोखालील गंभीर गुन्ह्यांतल्या पीडितांवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ हेच सांगतं. नकार दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रिसेप्शनवर कलम वाचून दाखवायची वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर ११२ ला फोन लावा आणि तिथेच उभं राहून लावा.

लगेच थोडे पैसे मिळतात का? घर चालवायचं कसं?

अंतरिम मदत मागता येते, आणि अर्जात ती वेगळ्या ओळीत मागा. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं किंवा त्या भागातल्या दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र असेल तर प्राधिकरण तातडीचे वैद्यकीय उपचार किंवा अंतरिम मदतीचा आदेश देऊ शकतं. ॲसिड हल्ल्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजीच सांगून ठेवलं आहे की किमान ३ लाख द्यायचे, त्यातले १ लाख घटना कळल्यापासून १५ दिवसांत आणि बाकीचे त्यापुढच्या दोन महिन्यांत.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत आणखी एक बारीक सोय आहे, जी फारशी कुणाला ठाऊक नसते. मुलाचं खाणं, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती रक्कम सुचवू शकते आणि ती आठवड्याच्या आत द्यायची असते. विशेष न्यायालयही खटला चालू असताना अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं, तो मिळाल्यापासून राज्याने ३० दिवसांत पैसे द्यायचे.

खटल्यात आमच्या वकिलांनी भरपाईचा विषयच काढला नाही. आता?

न्यायालयाने तो स्वतःहून काढायला हवा. याबाबतचे दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यांवर आले आहेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं आणि दिली किंवा नाही दिली तरी कारण नोंदवणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. मग ४ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की शारीरिक इजेच्या, विशेषतः महिला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी पीडित भरपाईचा आदेश दिलाच पाहिजे आणि तो प्राधिकरणाकडे पाठवला पाहिजे. दोन निकालांत अकरा वर्षांचं अंतर आहे. पहिला निकाल खाली झिरपला असता तर दुसऱ्याची गरज कशाला पडली असती?

निकालपत्रात भरपाईबद्दल शब्द नसेल तर सरकारी वकिलांना भेटा, आणि शिवाय स्वतंत्र अर्ज करा. महिलांच्या योजनेत गुन्हा घडल्यापासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. योग्य कारण असेल तर उशीर माफही होतो.

मंजूर रक्कम सगळी हातात का देत नाहीत?

नालसाच्या योजनेत २५ टक्के रक्कम लगेच वापरायला मिळते आणि ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत, आणि ती सज्ञान होईपर्यंत, पण तीन वर्षांच्या आत नाही. ठेवीचं व्याज दर महिन्याला बचत खात्यात यावं, अशी सोय आहे. शिक्षण किंवा उपचारासाठी आधी पैसे लागले तर प्राधिकरणाकडे अर्ज करून काढता येतात.

लोकांना हे अपमानास्पद वाटतं, आणि सज्ञान, कमावत्या बाईबाबत मलाही वाटतं. पण मुलीच्या नावावरची रक्कम काकाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेलेली मी पाहिली आहे, त्यामुळे लहान मुलांच्या ठेवीबद्दल माझी काही तक्रार नाही.

आरोपी सुटला तर पैसे परत करावे लागतात का?

नुसता सुटला म्हणून नाही. पुराव्याअभावी सुटणं वेगळं आणि तक्रार खोटी ठरणं वेगळं. भरपाईचा दावाच खोटा होता असं सिद्ध झालं तर वसुली होऊ शकते. आरोपीच्या बाजूची माणसं "पैसे व्याजासकट भरावे लागतील" असं घाबरवतात, तेव्हा हा फरक लक्षात असू द्या.

आदेश होऊन वर्ष झालं. "निधी नाही" असं सांगतात. हे खरं असतं का?

बऱ्याचदा खरं असतं, पण अर्धं. "निधी नाही" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि कोणती ते कळल्याशिवाय कुणाकडे जायचं ते कळत नाही.

मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो, त्यात एका लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या ठरलेल्या खात्याखाली, तरतूद होते. तरतूद झाली म्हणजे पैसे आले नाहीत. वित्त विभाग ती हप्त्याहप्त्याने सोडतो आणि विभागाला 'बीम्स' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर ती दिसावी लागते. मग आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे सरकारी पैसे काढून वाटणारा अधिकारी, देयक (बिल) तयार करून कोषागारात पाठवतो. तिथून मंजूर होऊन रक्कम खात्यात जाते. तेव्हा तरतूदच कमी पडली असेल, किंवा तरतूद आहे पण वितरण झालं नाही, किंवा वितरण झालं पण देयक कोषागारातून त्रुटी काढून परत आलं, किंवा सगळं झालं आणि मावशींच्या पासबुकासारखं शेवटच्या पायरीवर अडकलं, यातलं काहीही असू शकतं.

पहिली अडचण असेल तर उपाय राज्याच्या हातात आहे. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात, त्यात वाढीव तरतूद करता येते. पण त्यासाठी जिल्ह्यांनी वेळेत मागणी कळवावी लागते. जिल्ह्याने गेल्या वर्षीच्या खर्चात दहा टक्के मिळवून मागणी पाठवली, तर चूक तिथेच झाली, कारण गेल्या वर्षीचा खर्च कमी दिसतो तो अर्ज पुढे न सरकल्यामुळे. प्रलंबित अर्जांची संख्या गुणिले सरासरी रक्कम, एवढा साधा हिशेब मागणीत दिसला पाहिजे. मार्चअखेर खर्च न झालेली तरतूद परत जाते, आणि एप्रिलमध्ये पहिलं वितरण व्हायला वेळ लागतो. म्हणून ज्याचा आदेश फेब्रुवारीत झाला, त्याने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक चक्कर मारावीच.

तुम्ही विचारायचं ते असं: "माझं देयक कोषागारात गेलं का, आणि गेलं असेल तर कोणत्या तारखेला?" या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही यातच द्यावं लागतं.

निर्भया निधीतून मला पैसे मिळतील का?

थेट नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर केंद्राच्या २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. वर्ष संपलं तरी तो बुडत नाही, शिल्लक पुढे जाते. त्यातून योजना मंजूर होतात: वन स्टॉप सेंटर, १८१ महिला हेल्पलाइन, ११२ ची आपत्कालीन सेवा, पोलीस ठाण्यांतले महिला मदत कक्ष, जलदगती विशेष न्यायालयं, आणि मुंबईसह आठ शहरांतला सेफ सिटी प्रकल्प. अनेक योजनांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. राज्याने आपले ४० टक्के वेळेत टाकले नाहीत की केंद्राचा पुढचा हप्ता थांबतो. भरपाईसाठी केंद्राने याच निधीतून राज्यांना एकदाच २०० कोटी दिले होते. पाया राज्याचाच राहिला.

पैसा ज्यासाठी आला त्यासाठीच वापरला जातो का, हा प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बातम्या आल्या होत्या की मुंबई पोलिसांनी निर्भया निधीतून घेतलेल्या काही बोलेरो गाड्या लोकप्रतिनिधींच्या बंदोबस्तात फिरत आहेत. गाडीच्या खरेदीची नोंद कागदावर होते, ती रात्री कोणत्या रस्त्यावर उभी असते त्याची होत नाही. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेने राज्याच्या यादीतले विषय आहेत, त्यामुळे याचा जाब मुंबईतच विचारायचा असतो. जिल्ह्यात पोलिसांच्या गाड्या आणि सीसीटीव्ही जिल्हा वार्षिक योजनेतूनही घेतले जातात. तिथे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची नियोजन समिती ठरवते. कॅमेऱ्याचं उद्घाटन होतं, फोटो येतो. समुपदेशकाच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते पद रिकामं राहिलं तरी कुणाला दिसत नाही.

वन स्टॉप सेंटरमध्ये काय मिळतं?

एका छताखाली उपचारांची सोय, पोलीस मदत, वकील, समुपदेशन आणि जास्तीत जास्त पाच दिवसांचा निवारा. आपल्याकडे 'सखी' नावाने ओळखतात. खर्च पूर्ण केंद्राचा. एफआयआर केलेली नसली तरी जाता येतं, हे महत्त्वाचं.

ॲट्रॉसिटीच्या प्रकरणातलं अर्थसाहाय्य हेच का?

वेगळं, आणि ते या भरपाईच्या वर मिळतं. १९९५ च्या नियमांतच लिहिलं आहे की हे साहाय्य इतर कायद्यांखालच्या हक्काव्यतिरिक्त आहे. २०१६ च्या दुरुस्तीने रकमा ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत गेल्या. तातडीचं साहाय्य सात दिवसांत द्यायचं, बाकीचे हप्ते टप्प्याटप्प्याने. बलात्काराच्या प्रकरणात वैद्यकीय तपासणीनंतर ५० टक्के, दोषारोपपत्र गेल्यावर २५ आणि खालच्या न्यायालयातला खटला संपल्यावर २५. खुनात शवविच्छेदनानंतर निम्मे आणि दोषारोपपत्रानंतर निम्मे. त्यामुळे दोषारोपपत्र लांबलं की हप्ताही लांबतो. तपासाला ६० दिवस ठरवून दिले आहेत.

यासाठी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि राज्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिच्या बैठका होतात का, इतिवृत्त निघतं का, हे विचारणाऱ्या संघटना ज्या जिल्ह्यात आहेत तिथे हप्ते वेळेवर निघतात, असं माझं निरीक्षण आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय गाठा. मदतीसाठी १४५६६.

साक्ष द्यायची भीती वाटते. संरक्षण कोण देतं?

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला कायद्याचं बळ दिलं. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अर्ज बघते, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, आणि एका वेळी तीन महिन्यांपर्यंत संरक्षण देता येतं. नव्या संहितेतही, कलम ३९८ मध्ये, राज्याने अशी योजना करावी असं आहे. फोनवर आलेल्या धमक्यांचं रेकॉर्डिंग पुसू नका.

सायबर फसवणूक किंवा अपघात यात येतात का?

बँकेतून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, तिथे तास मोजले जातात. रस्ता अपघाताला मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. ठोकून पळून गेलेलं वाहन सापडलं नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजारांची वेगळी योजना आहे.

वकील परवडत नाही.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलीचं नाव फिरतंय.

गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. "श्रद्धांजली" किंवा "न्याय द्या" असं वर लिहिल्याने तो माफ होत नाही. स्क्रीनशॉट घ्या, ग्रुप ॲडमिनला कळवा, ठाण्यात द्या.

आमच्या जिल्ह्यात किती अर्ज पडून आहेत, हे कसं कळेल?

माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, तेव्हा कायद्याची कलमं लिहून जागा घालवू नका. कुणाही पीडिताचं नाव मागू नका, ते मिळणारही नाही. एवढंच लिहा:

"दि. १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात पीडित नुकसानभरपाई आणि मनोधैर्य योजनेखाली (१) प्राप्त झालेले अर्ज, (२) पोलीस ठाण्यांकडून प्राप्त झालेल्या एफआयआरच्या प्रती, (३) मंजूर अर्ज व एकूण मंजूर रक्कम, (४) प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम, (५) वर्षअखेर प्रलंबित अर्ज, यांची संख्या व आकडेवारी द्यावी."

उत्तर आलं की आधी दुसरा आकडा बघा. तो पोलिसांच्या नोंदींतल्या गुन्ह्यांच्या संख्येशी ताडून बघा, आणि फरक दिसला तर त्या कागदाची एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात नेऊन द्या. आवक क्रमांक घेऊन.